जॉनी वॉकरला मधल्याच स्टॉपवर का उतरवलंत?

इंदूर, श्रावण वद्य पंचमी

मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,
स. न. वि. वि.

मंडळाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांनी आपापल्या गल्लीतलं मंडळ आठवावं, फार फरक पडणार नाही. हेच पत्र आपल्या पेटीत टाकलं असतं तर सभेत 'आलेला पत्रव्यवहार वाचून दाखवण्यात आला' या एका ओळीत निकालात निघालं असतं. सहा वर्षं ते इतिवृत्त मीच लिहीत होतो, त्या ओळीखाली काय काय पुरलंय ते मला ठाऊक आहे. म्हणून उघडं लिहितो.

विषय आपल्याला माहीत आहे. यंदा गणपतीच्या सातव्या दिवशी 'इंदूर आणि सिनेमा' असा कार्यक्रम ठरला होता. चार फलक, थोडी गाणी, थोडं बोलणं. लताबाई, किशोरकुमार, सलमान खान आणि जॉनी वॉकर. जॉनी वॉकरवर तासभर बोलायचं काम माझ्याकडे होतं. आषाढात तशी चिठ्ठी आली, तिच्यावर सचिवांची सही आहे, चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. मी दोन महिने तयारी केली. नातवाकडून दृश्यांचे तुकडे काढून घेतले. आणि मागच्या रविवारी फोन आला: "काका, जरा बदल आहे. तीनच फलक ठेवतोय. तुमच्या वेळात लकी ड्रॉ घेऊ म्हणतोय."

पहिलं बक्षीस मिक्सर आहे असंही कळलं.

लकी ड्रॉला माझा विरोध नाही. मागे एकदा आमच्या हिला इस्त्री लागली होती, ती अजून चालते. पण चौथा फलक का उतरवला, हे मी विचारलं. एकाने एक कारण सांगितलं, दुसऱ्याने दुसरं, तिसऱ्याने "जाऊ द्या ना काका" म्हणून पोहे पुढे केले. चार दिवसांच्या चौकशीत तीन कारणं हाती लागली. तिन्हींना इथे उत्तर देतो. त्याआधी मी कोण, हे नव्या सभासदांसाठी.

जुने लोक मला 'कंडक्टर काका' म्हणतात. २००५ साली महामंडळ बंद झालं तोवर मी राज्य परिवहनात कंडक्टर होतो. सरवटे बस स्टँडवरून सुटणारी खंडव्याची गाडी. सिमरोल, बडवाह, मोरटक्का, सनावद. किशोरदा गेले आणि त्यांना अंत्यसंस्कारासाठी खंडव्याला आणलं, १९८७ च्या ऑक्टोबरात, तेव्हा त्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि टपावरही माणसं होती. त्याआधी मी मिलवाल्याचा मुलगा. (इंदुरात आम्ही गिरणी म्हणत नाही. गिरणी पिठाची, कापडाची ती मिल.) अण्णा लूमखात्यात होते. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर आणि कानाच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी भुरी बसलेली असायची. आंघोळीआधी ते ओट्यावर बसायचे आणि मी मागे उभा राहून त्यांच्या डोक्याला तेल चोळायचो. केसांच्या मुळाशी बोटांना बारीक बारीक गुठळ्या लागायच्या, कापूस आणि घाम मिळून झालेल्या. त्या निघाल्याशिवाय तेल जिरत नसे. अण्णा डोळे मिटून जॉनी वॉकरचं 'सर जो तेरा चकराए' गुणगुणायचे. सूर यथातथाच. तेल जिरलं की माझ्या मनगटावर एक चापट मारून म्हणायचे, "आपल्या मिलवाल्याचा पोरगा आहे तो. इथलाच."

आपल्या मिलवाल्याचा पोरगा. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पण तीन शब्दांत कार्यकारिणीला काही पटतं असा माझा अनुभव नाही, म्हणून जरा विस्ताराने.

बदरुद्दीन जमालुद्दीन काझी हे त्याचं खरं नाव. (मी त्याला 'तो' म्हणतो, कुणी रागावू नये. आवडत्या नटाला आपण अहो-जाहो करत नाही.) जन्म इंदूरचा. वडील मिलमध्ये. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. वडिलांचं काम सुटलं तेव्हा सगळं बिऱ्हाड मुंबईला गेलं. या पोराची शाळा सहावीतच सुटली. पुढे त्याने बर्फाच्या कांड्या विकल्या, फळं-भाजी विकली, आणि शेवटी मुंबईच्या बेस्टच्या बसवर कंडक्टर झाला. डोक्यात मात्र सिनेमा. नूर मोहम्मद चार्ली हा त्या काळचा विनोदी नट त्याचा देव. तिकिटं देता देता हा प्रवाशांना हसवायचा, कुणा सिनेमावाल्याची कधीतरी नजर पडेल या आशेवर.

नजर पडली ती बलराज साहनींची. साहनी तेव्हा 'बाजी'ची पटकथा लिहीत होते. त्यांनी युक्ती काढली: दारुड्याचं सोंग घेऊन सरळ गुरुदत्तच्या ऑफिसात घुस. हा घुसला, यथेच्छ धुमाकूळ घातला, आणि सगळे हातघाईवर यायच्या बेतात असताना कळलं की गडी साफ शुद्धीत आहे. 'बाजी' १९५१ साली आला, त्यात त्याला काम मिळालं. व्हिस्कीचं नाव त्याला गुरुदत्तने दिलं. पुढे 'जाल', 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'सीआयडी', 'प्यासा', 'कागज के फूल', 'चौदहवीं का चाँद', गुरुदत्तच्या गाडीत हा कायमचा. 'आर पार'मध्ये नूर नावाची मुलगी त्याच्याबरोबर होती, नायिका शकीलाची बहीण. तिच्याशीच त्याने लग्न केलं.

त्यांची काम करायची रीत मला फार आवडते. गुरुदत्त त्याला सांगायचा, हा प्रसंग, ही वाक्यं, याहून बरं सुचलं तर कर. मग तालमीत हा दर वेळी काहीतरी नवं काढायचा आणि गुरुदत्त त्याच्याकडे न बघता सेटवरच्या लाइटवाल्या पोरांकडे बघायचा, ती हसतायत का म्हणून. हसली की सहायकाकडून ते वाक्य लिहून घ्यायचं. चुटका बरा की वाईट हे ठरवणार कोण, तर दिवा धरून उभा असलेला पोऱ्या. आपल्या सांस्कृतिक समितीत असा एक पोऱ्या नेमायला हरकत नाही.

१९५७ साली 'नया दौर' आला. टांगेवाले विरुद्ध बस. मशीन येतं, हात रिकामे होतात, बस येते, घोडे उपाशी मरतात. त्याचं बरंचसं चित्रीकरण आपल्याच प्रदेशात, नर्मदाकाठच्या बुधनीला झालं. जॉनी वॉकर त्यात मुंबईहून आलेला पेपरचा बातमीदार आहे, 'मैं बंबई का बाबू' गात फिरतो. ज्याच्या बापाचं मिलमधलं काम गेलं, जो स्वतः बसवर घंटी मारून आला, तो त्या सिनेमात बसच्या विरुद्ध बाजूला उभा. अण्णांना याची मोठी गंमत वाटायची. मी नोकरीला लागलो त्या दिवशी म्हणाले, "बघ, त्याने कंडक्टरकी सोडून नाव काढलं, तू धरून काढ."

आता आपली कारणं.

पहिलं: दारूच्या नावाचा माणूस गणपतीसमोर कसा चालेल?

त्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही. जन्मभर दारुडे रंगवले आणि स्वतः कोरडा राहिला. ही काही मी शोधून काढलेली गोष्ट नाही, त्याच्याबद्दल दोन ओळी वाचणाऱ्यालाही ती सापडते. म्हणजे त्या दोन ओळीही कुणी वाचल्या नाहीत.

त्याचा दारुडा बघा कधीतरी नीट. 'मधुमती'तलं जंगलातल्या मोराचं गाणं बघा. इतर नट दारुडा करायला घेतात तेव्हा झोकांड्या खातात, पडतात, बरळतात. हा पडायचा नाही, पडू नये म्हणून धडपडायचा. प्यायलेल्या माणसाला आपण शुद्धीवर आहोत हे जगाला पटवायचं असतं. तो पाऊल मोजून टाकतो, शब्द तासून बोलतो, सदऱ्याचं बटण पुन्हा पुन्हा चाचपतो. हसू त्या मेहनतीचं येतं. रात्रीच्या शेवटच्या फेरीला असे प्रवासी कंडक्टरला हमखास भेटतात. ते सुटे पैसे फार काळजीपूर्वक मोजून देतात आणि चुकीचेच देतात. मुंबईच्या बसमध्ये त्याला ते भेटले असणार, मला खंडव्याच्या गाडीत भेटले.

त्यातला एक सांगतो. पावसाळ्याची रात्र, भेरूघाटात गाडीचा पाटा तुटला. ड्रायव्हर फोन शोधायला पुढे चालत गेला. गाडीत पन्नासेक माणसं, बाया, पोरं, बाहेर अंधार आणि एका बाजूला दरी. एक गृहस्थ चांगलेच झोकून आले होते. ते उठले आणि म्हणाले, मी पायी जातो. दारातून त्यांना हटवायला तीन तरुण पुढे झाले, तर हे हमरीतुमरीवर आले. मारामारी झाली असती तर दारातला माणूस नेमका दरीच्या बाजूला पडला असता. मला दुसरं काही सुचेना. मी पंच खिशात घातला, टोपी तिरकी केली, आवाज नाकात चढवला आणि त्यांच्या खांद्याला धरून त्यांच्यापेक्षा जास्त प्यायलो असल्यासारखा उभा राहिलो. अण्णांनी आणि त्या माणसाने शिकवलेलं सगळं वापरलं: पाय मोजून, शब्द तासून. गृहस्थ थबकले. माझ्याकडे निरखून बघितलं आणि एकदम गंभीर झाले. "कंडक्टरसाब, ड्युटीवर?" म्हणाले. मग मला हाताला धरून सीटवर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि उजाडेपर्यंत मला दारूचे दुष्परिणाम समजावून सांगितले. बायको-मुलांची शपथ घालून सोडायला लावली. मी सोडली. कधी घेतलीच नव्हती, पण त्यांच्यासाठी सोडली.

तेव्हा गणपतीपुढे त्याचं नाव चालेल की नाही याची चिंता करू नये. आणि गेल्या वर्षीच्या बालनाट्याचं काय? एका पोराच्या हाती काळ्या सरबताची बाटली देऊन त्याला झोकांड्या खात मंचावर आणलं, निवेदिकेने 'आले बघा आपले जॉनी वॉकर' म्हटलं, आणि याच मांडवात याच कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या. तेव्हा नाव बाटलं नाही. सोंग चालतं, माणूस चालत नाही, याला काय म्हणायचं ते सभेत ठरवा.

दुसरं कारण फोनवर जरा हळू आवाजात सांगितलं गेलं. "काका, आपण मराठी मंडळ. त्यांचा आपल्याशी तसा संबंध काय?"

'तसा' या शब्दावर मी बराच वेळ अडकलो.

मी विचारलं, सलमान खान? तर म्हणे त्यांच्या आईकडून मराठी रक्त आहे. किशोरदा? ते तर बंगाली, खंडव्याचे, इथे ख्रिश्चन कॉलेजात शिकायला होते. त्यांच्या कँटीनच्या उधारीची गोष्ट आपण दर वर्षी सांगतो. ती उधारी आपल्याला आपली वाटते, आणि मिलवाल्याचा मुलगा आपला वाटत नाही? सलमानचा फलक काढा असं मी म्हणत नाही. त्याच्यामुळे पोरं तरी मांडवात फिरकतात. फक्त रक्त तपासायचा धंदा आपण कधीपासून सुरू केला, ते कळू द्या. याच शहरात देवळालीकर मास्तरांनी चित्रकलेचं विद्यालय चालवलं. त्यात चित्रकार बेंद्रे शिकले, त्यातच संध्याकाळच्या वर्गाला चित्रकार हुसेन यायचा. मास्तरांनी 'तसा संबंध काय' असं विचारलं असतं तर कागदावरची एक रेघही पुढे सरकली नसती.

आणि गणपतीचंच म्हणत असाल तर अनंत चतुर्दशीची रात्र आठवा. शंभर वर्षं झाली, या शहराची ओळख असलेल्या त्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले फिरते देखावे, कुणाच्या? हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, म्हणजे मिलांच्या. मिला बंद पडल्या, भोंगे थांबले, हुकुमचंद मिल १९९१ ला बंद झाली आणि तिथल्या मजुरांच्या देण्याचा धनादेश २०२३ च्या डिसेंबरात निघाला, पण मधल्या सगळ्या वर्षांत लोकांनी वर्गणी काढून झांकी रस्त्यावर आणलीच. लहानपणी मी अण्णांबरोबर झांकीच्या शेडमध्ये जायचो. एका वर्षी लंकादहन होतं. हनुमानाची मान डावी-उजवीकडे वळली पाहिजे आणि शेपटीचे दिवे एकापाठोपाठ एक पेटले पाहिजेत. मान वळवणारा खटका सायकलच्या चेनने जोडला होता आणि चेन दर पाच मिनिटांनी उतरायची. ती बसवायला हनुमानाच्या पोटात एक मिस्त्री उकिडवे बसून होते, जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत, रात्रभर. आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणायचो. पहाटे ते पोटातून बाहेर आले तेव्हा ग्रीसने काळे झाले होते. अण्णांनी त्यांना चहाचा पेला दिला, त्यांनी तो तसाच काळ्या हातांनी धरला, आणि मारुतीच्या शेपटीवर टेकून प्यायले. चाचांचा 'तसा संबंध' काय होता, ते मला कुणी सांगावं.

काझी कुटुंब याच मिलवस्तीच्या जगातून उठून मुंबईला गेलं. हौसेने नाही, काम सुटलं म्हणून. ज्या गावातून पोटासाठी जावं लागलं त्या गावाने निदान फलकावर तरी जागा द्यावी. यात मराठी-अमराठी कुठे येतं मला कळत नाही.

तिसरं कारण: तो काही हिरो नव्हता, नुसता कॉमेडियन.

यावर लिहायला घेतलं तर दहा पानं होतील. थोडक्यात सांगतो. त्याच्या नावाचा 'जॉनी वॉकर' हाच सिनेमा १९५७ साली आला आणि त्यात तो हिरोच होता. 'मधुमती'साठी त्याला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, 'शिकार'साठी विनोदी भूमिकेचं. सिनेमा विकत घेणारे वितरक आधी विचारायचे की यात जॉनी वॉकरचं गाणं आहे ना. 'सीआयडी'तला तो खिसेकापू आठवा. मुंबई शहराची अख्खी कुंडली त्या एका गाण्यात हा आणि कुमकुम गाऊन जातात. त्याच्यासाठी गाताना रफीसाहेब गळ्याचा पोतच बदलायचे, डोळे मिटून ऐकलं तरी समोर मिशीची ती बारीक रेघ दिसते. पण मी बोलणार होतो ते यातल्या कशावर नाही. 'प्यासा'वर.

'प्यासा'त कवी विजय मेला असं जग समजतं. प्रत्यक्षात तो वेड्यांच्या इस्पितळात असतो. त्याचे सख्खे भाऊ येतात, मित्र येतो, आणि पैशाच्या लोभाने सगळे म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही. तिथून तो सुटतो तो अब्दुल सत्तारच्या मदतीने. रस्त्यावर तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारा मालिशवाला. भावांनी नाकारलेल्या माणसाला ओळख देतो तो हा 'नुसता कॉमेडियन'. माझ्या निवेदनात हा प्रसंग मध्यावर होता. त्याआधी तेलमालिशचं गाणं आणि अण्णांच्या डोक्यातल्या त्या कापसाच्या गुठळ्या. काय बोलणार होतो ते आता इथेच लिहून टाकलं, कारण पुढे माइक हाती येईल याची खात्री नाही.

'आनंद' सगळ्यांनी पाहिलाय, १९७१ चा. राजेश खन्ना अनोळखी माणसांना मुरारीलाल म्हणून पाठीत थाप मारतो आणि लोक चिडतात. एकटा ईसाभाई सुरतवाला, म्हणजे आपला जॉनी वॉकर, क्षणात खेळ ओळखतो आणि तितक्याच सराईतपणे साथ देतो. आणि नंतर तोच ईसाभाई आजारी आनंदला भेटून बाहेर येतो आणि त्याचा बांध फुटतो. आयुष्यभर ज्याला बघून हसलो त्याला रडताना बघणं आमच्या पिढीला जड गेलं. अण्णा टॉकीजमधून बाहेर पडून बराच वेळ चप्पल शोधत होते. चप्पल पायातच होती.

पुढे त्याने काम कमी केलं. विनोद अंगचटीला आणि दोन अर्थांच्या शब्दांवर गेला, ते त्याला जमण्यातलं नव्हतं. तो सांगायचा की सुमारे तीनशे सिनेमांत काम केलं पण सेन्सॉरने माझी एक ओळ कापली नाही. 'चाची ४२०'साठी कितीतरी वर्षांनी परत आला, पुन्हा पिणाऱ्याचीच भूमिका, आणि पुन्हा त्याच्याकडेच बघत राहावंसं वाटलं. २९ जुलै २००३ ला मुंबईत गेला. दुसऱ्या दिवशी सनावदच्या स्टँडवर मी पेपरात वाचलं. अण्णा तोवर नव्हते, नाहीतर घरी जाऊन सांगायची बातमी होती.

तर, तीनशे सिनेमांत सेन्सॉर बोर्डाने ज्याची एक ओळ कापली नाही, तो अख्खा माणूस आपण एका रविवारच्या सभेत कापला. सभेला हजर सात जण होते, असं कळतं. गणसंख्या नऊ आहे. हा मुद्दा मी ओढणार नाही, पण माहीत असू द्या.

माझाही दोष सांगतो. सहा वर्षं मी कार्यकारिणीत होतो. तेव्हा मलाही त्याच्यावर कार्यक्रम करावा असं सुचलं नव्हतं. तेव्हा ज्यांना विचारता आलं असतं ते पुष्कळ लोक होते, लूमखात्यातले, सूतखात्यातले, मिलच्या दारात चहा विकणारे. आज बोटांवर मोजण्याइतके राहिलेत आणि त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही.

मागण्या जास्त नाहीत.

चौथा फलक परत लावा. त्यावर पडद्यावरच्या नावाखाली 'बदरुद्दीन जमालुद्दीन काझी, इंदूर' असं पूर्ण लिहा. फलकावर बाटली, पेला, झिंगलेले डोळे यांचं चित्र नको. 'प्यासा'तला तेलाच्या बाटल्यांवाला फोटो लावायचा असेल तर चालेल, त्या बाटल्या आहेत पण तेलाच्या आहेत.

माझं निवेदन हवंच असा हट्ट नाही. दुसऱ्या कुणाला, एखाद्या तरुण मुलीला द्या, मी जमवलेलं सगळं तिला देतो. पण वेळ सातव्या दिवसाचाच द्या. लकी ड्रॉ आरतीनंतर घ्या, मिक्सरसाठी लोक थांबतील, काळजी नको.

त्या संध्याकाळी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या प्रायोजकांना न देता जुन्या मिलवाल्यांना द्या. त्यांना घरून आणायची आणि पोचवायची व्यवस्था मी करतो. जे बोलू शकतील त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवा. त्याला खर्च काही नाही.

आणि फलक लावायचा नसेलच, तर का नाही ते इतिवृत्तात लिहा. फोनवर मला जे शब्द सांगितले तेच, 'तसा संबंध' यासकट, खाली सह्या करून. 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहू नका. त्या शब्दाचा जन्म माझ्याच हातून झालाय, २००९ च्या गणपतीत, जेव्हा तबलजी आलाच नव्हता.

उत्तर पत्रानेच द्या, फोन नको. फोनवर आपण सगळे फार गोड बोलतो.

कळावे,

आपला,
मंडळाचा एक आजीव सभासद
(निवृत्त कंडक्टर, इंदूर–खंडवा)

ता. क. यंदाची वर्गणी मी चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी भरली आहे, पावती जवळ आहे. ती परत मागत नाही. लकी ड्रॉच्या डब्यात माझ्या नावाची चिठ्ठी मात्र टाकू नका. मिक्सर लागला तर घ्यायला मंचावर यावं लागेल, आणि एकदा मंचावर आलो की मी तासभर उतरणार नाही.